पागेच्या भिंतीवरची माणसं

नगरकडच्या कर्जतच्या पूर्वेला हिवरेमाळ नावाचं गाव आहे आणि गावाबाहेर एक तलाव आहे. तलाव इंग्रजांनी बांधला, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे! इंग्रजाने मातीची एक पाटी उचलली असेल तर शपथ. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या दुष्काळात मूठभर दाण्यासाठी लोकांनी तो तलाव खणला, आणि साहेब काठावरच्या बंगल्यात बसून बघत होता. आता बंगलाही पडलाय. छप्पर नाही, दारं नाहीत, नुसत्या भिंती, शेकोटीचं एक उंच धुराडं, आणि मागच्या अंगाला घोड्यांची पागा. सभोवार वनखात्याचा माळ. हिवर, बोरी, तरवड, आणि त्यातून उधळणारी काळविटं. रविवारी लोक मोटारी घेऊन येतात, धुराड्याला टेकून फोटो काढतात, वेफर्सची पाकिटं टाकतात आणि जातात.

ती पाकिटं उचलायला विमलबाई ओहोळ. वय साठीच्या पुढे, गुडघे कधीच कामातून गेलेले, पण जीभ तल्लख. वनखात्याच्या रोजंदारीवर तिचा नवरा कोंडीराम होता. तो वारल्यावर त्याच्या जागी ही लागली. कुणी भिंतीवर बदाम कोरताना दिसला की ही लांबूनच ओरडायची, "आरं ए मजनू, तुझ्या बापाच्या घरावर काढ की!" पोरं पळायची. मग ही हसायची आणि झाडू उचलायची.

पण या बाईचं खरं काम झाडायचं नव्हतं. खरं काम पागेच्या मागच्या भिंतीवर होतं, आणि ते वर्षातून एकदाच असायचं.

त्या भिंतीवर त्रेचाळीस खुणा होत्या. तांबड्या कावेने काढलेल्या. कुठे फणी, कुठे विळा, कुठे घुंगुरकाठी, कुठे नुसता पाळणा. दुष्काळात तलावावर पटकीची साथ आली तेव्हा महारवाड्यातली त्रेचाळीस माणसं त्या पागेच्या आडोशाला मेली. लिहिता कुणाला येत होतं? मागे राहिलेल्यांनी ज्याची त्याची एक खूण काढून ठेवली. फणी रखमीची, तिला केसांचा फार अभिमान. विळा सटवाचा. घुंगुरकाठी नामा येसकराची. पाळणा गंगीच्या पोराचा, त्याचं बारसंही झालं नव्हतं, म्हणून त्याचं नाव 'गंगीचं'. कोण कुठलं, हे सासूने सुनेला सांगायचं, सुनेने तिच्या सुनेला. आणि वर्षातून एकदा कडुनिंबाची काडी चेचून, कावेत बुडवून, प्रत्येक खूण उजळायची. बोट रेघेवरून फिरवत जायचं आणि नाव घेत जायचं. पूर्वी हे आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला व्हायचं. छप्पन्नला धम्म घेतला तेव्हा विमलबाईच्या सासऱ्याने घरातले सगळे देव तलावात नेऊन बुडवले, आणि मग भिंतीकडे निघाला. तेव्हा सासू, मुक्ताबाई, आडवी आली.

"ते देव न्हाईत," ती म्हणाली, "मानसं हायेत."

सासरा परत फिरला. त्यानंतर आखिती सोडली आणि वैशाख पौर्णिमा धरली, एवढाच काय तो बदल.

विमलबाई लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची. पहिल्याच वर्षी सासूने तिचं बोट धरून भिंतीवरून फिरवलं. पोरगी थट्टेखोर. म्हणाली, "आत्याबाई, ही सगळी मेलेली मानसं वळखून मला काय करायचंय? जित्याची वळख हुईना अजून." मुक्ताबाईने पाठीत एक धपाटा घातला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चार वर्षं लागली. पाचव्या वर्षी सासू नुसती उकिडवी बसून ऐकत होती आणि सून एका दमात त्रेचाळीस नावं घेऊन मोकळी झाली. त्या दिवशी सासूने तिला स्वतःच्या ताटात जेवायला बसवलं. विमलबाई अजून ते ताट सांगते.

आता गंमत बघा. याच बंगल्याच्या पुढच्या अंगणात एक कबर आहे. साहेबाच्या कुत्र्याची. चांगला घडीव दगड, त्यावर इंग्रजीत कोरलेलं नाव: टॉबी. खाली साल आणि 'विश्वासू सोबती' अशा अर्थाचं काहीतरी. विमलबाईची नात प्रज्ञा पुण्यात शिकते. तिने सातवीत असताना ते पहिल्यांदा वाचून दाखवलं होतं. तेव्हा विमलबाई कितीतरी वेळ त्या दगडाकडे बघत उभी राहिली.

"कुत्र्याला नाव हाय," ती म्हणाली, "आन् आमच्या मानसास्नी न्हाई. बघ बाई, नशीब काढावं तर कुत्र्यानं."

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच भुंगा बसला. या माणसांची नावं कुठेतरी दगडावर, पाटीवर, चारचौघांत वाचता येतील अशी लिहिली गेली पाहिजेत. मुलगा प्रवीण चाकणला कंपनीत, सूनबाई तिकडेच. तिला गावाकडची धूळ सोसत नाही. तिला भिंत कोण शिकवणार? आपण गेलो की रखमी, सटवा, नामा, सगळी पुन्हा एकदा मेली.

आणि गेल्या वर्षी चैत्रात कल्याण पळत आला. कल्याण म्हणजे तिथला वनरक्षक, तिशीतला पोरगा, खाकीतला असूनही माणसांतला. म्हणाला, "मावशी, पेढे द्या! बंगल्याला वारसा म्हणून जाहीर करणार आहेत. मोठा बोर्ड लागणार, सगळा इतिहास लिहिणार. पुण्याच्या एक मॅडम पाहणीला येणार आहेत. मी रेंजर साहेबांना तुमच्या भिंतीचं बोललोय. मॅडमनी मानलं, तर नावं बोर्डावर येणार."

बाईने कमरेला खोचलेला पदर सोडला आणि डोळे पुसले. नंतर लगेच त्याला दमही दिला. "नीट सांग. म्हंजी येनार का 'आली तर आली'?"

"मॅडमच्या हातात आहे, मावशी."

"कदी यायच्या?"

"वैशाखात. पौर्णिमेच्या आसपास."

पौर्णिमेच्या आसपास! विमलबाईला वाटलं, हा काही योगायोग नाही. पण भिंतीकडे बघितलं आणि उत्साह ओसरला. मागच्या पावसाने काव बरीच धुपली होती. पाळणा तर जवळ जाऊन शोधावा लागत होता. मोठ्या शहरातली बाई येणार, चष्मा लावून बघणार, तिला काही दिसलंच नाही तर? आणि गुडघे असे, की खाली बसलं तर उठायला माणूस लागतो. पुढच्या वर्षी उजळणं होईल का, याचा भरवसा नाही.

कल्याण भला पोरगा, पण भल्या माणसांनीच कधी कधी घात होतो. तो म्हणाला, "काव कशाला लावता? हद्दीच्या खांबांचा तांबडा ऑइलपेंट उरलाय माझ्याकडे. दहा वर्षं हलणार नाही. ऊन लागू दे, पाऊस लागू दे."

दहा वर्षं! विमलबाईला आणखी काय हवं होतं? दोन दिवस ती उन्हात बसली. डबा शेजारी, बारका ब्रश हातात. एक-एक खूण तिने अशी भरली की लांबून, तलावाच्या बांधावरूनसुद्धा दिसावी. नाव घेत होती आणि भरत होती. फणीचे दात सुद्धा तिने एकेक काढले. शेवटी पाळण्याला दोरी ओढली आणि मागे सरकून बघितलं. अशी भिंत तिने जन्मात बघितली नव्हती. सासू असती तर आज पुन्हा ताटात जेवायला घेतलं असतं.

पाहणीच्या दिवशी प्रज्ञा मुद्दाम पुण्याहून आली होती, वही-पेन घेऊन. मॅडम आल्यावर आजी नावं घेणार आणि ती उतरवून घेणार, असं ठरलं होतं. विमलबाईने पांढरी साडी नेसली. केस चापून बसवले. पाहुण्यांना म्हणून पागेसमोरची जागा झाडून, सडा टाकून ठेवली.

मॅडम चांगल्या होत्या. हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात वाईट माणूस शोधू गेलात तर सापडणार नाही. गोल टोपी, गळ्यात भिंग. त्यांनी धुराडं बघितलं, चुन्याचा गिलावा नखाने खरवडून बघितला, टॉबीच्या दगडापाशी तर मांडी घालूनच बसल्या. "किती सुंदर राहिलाय," म्हणाल्या, "दीडशे वर्षांत कुणी हातसुद्धा लावलेला नाही." मग रेंजर साहेब त्यांना पागेकडे घेऊन आले.

भिंत बघून मॅडम थांबल्या. भिंग वर उचललं आणि तसंच खाली सोडलं. तांबड्या रंगावर बोट टेकवलं. उन्हाने तापलेला रंग बोटाला किंचित चिकटला.

"आजी, हे कधी रंगवलं?"

विमलबाईचा ऊर भरून आला होता. तिने छाती काढून सांगितलं, "परवाच! लई नीट केलंय, म्याडम. काव धुवून जाते, म्हून औंदा पक्का रंग दिला."

"आणि याआधी?"

"आदी कावेनं. दरसाली उजळतो आमी. माज्या सासूनं, तिच्या सासूनं, तिच्या सासूनं. एक साल चुकलेलं न्हाई."

रेंजर साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. काय होतंय ते प्रज्ञाला आधी कळलं. ती आजीच्या जवळ सरकली.

"म्हणजे दरवर्षी वरून रंग चढवला," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मूळ खूण कशी होती, हे आता कुणाला सांगता येणार नाही. आणि आता ऑइलपेंट... आजी, तो गिलाव्यात मुरलाय. खालचं काही वाचवता येणार नाही."

"मूळ हीच की!" विमलबाई म्हणाली. "दुसरी कुटली? म्याडम, घर दरसाली सारवलं म्हून काय ते नवं हुतं व्हय? पोराला रोज आंगूळ घातली म्हून ते दुसऱ्याचं हुतं?"

कुणी हसलं नाही.

"तुमचं खरं असेल," मॅडम म्हणाल्या. "मला वाटतं खरंच आहे. पण मला कागदावर जे दिसतं तेच लिहावं लागतं. आणि दिसतोय परवाचा रंग."

"मग नावं तरी ऐका," विमलबाई म्हणाली आणि भिंतीला बोट लावलं. "ही फणी, रखमीची. हा विळा, सटवाचा. घुंगुरकाठी, नामा येसकर. ही पाटी, चांगुणाची. हे जातं, भागूच्या सासूचं..."

रेंजर साहेब मध्येच म्हणाले, "बाई, मॅडमना पुढे संगमनेरला जायचंय. उशीर होतोय." आणि मॅडमनी मान खाली घातली आणि चालू लागल्या. जाता जाता टॉबीच्या दगडाचा आणखी एक फोटो घेतला.

प्रज्ञाने वही फाटकन मिटली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "आज्जी, ह्यांच्यासमोर एकही नाव नको घेऊस. लायकी नाही यांची. दिवाळीत येते मी, आपण दोघीच बसू, निवांत. सगळी लिहून घेते." तिची परीक्षा होती. भिंतीचा एक फोटो मोबाईलवर काढून ती संध्याकाळच्या एसटीने परत गेली.

महिन्याभरात कागद आला. बंगला वारसा झाला. धुराडं झालं, कबर झाली. पागेबद्दल दोन ओळी: मागील भिंतीवर अलीकडच्या काळातील रंगरंगोटी व प्रेमी युगुलांची नावे असून, उद्घाटनापूर्वी ती साफ करून घ्यावी. बदाम कोरणारा मजनू आणि त्रेचाळीस मेलेली माणसं, एकाच ओळीत. घ्या!

कल्याण तो कागद घेऊन आला आणि उंबऱ्याशी उभा राहिला. आत येईना.

"मावशी, मीच तो रंग दिला. माझ्यामुळं झालं हे."

"तू कशाला? तुला काय ठावं," विमलबाई म्हणाली. तिला खरोखरच त्याचा राग आला नव्हता. राग यायलाही अंगात काही तरी लागतं.

"मी दुसरा माणूस लावतो. बाहेरचा. तुम्ही दोन दिवस सुट्टी घ्या."

"न्हाई," ती म्हणाली. "दुसऱ्याचा हात नको."

आणि मनाशी म्हणाली, भिंत जाईना का. नावं माझ्यापाशी हायेत. दिवाळीत पोरगी येतीय, लिहून घेतीय. भिंतीवाचून काही अडत नाही.

थिनरचा डबा, तारेचा ब्रश, तोंडाला फडकं. तीन दिवस लागले. ऑइलपेंट कल्याण म्हणाला तसाच निघाला. पक्का. घासून घासून तिच्या बोटांची सालटी निघाली, पण रंग जागचा हलेना. शेवटी छिन्नी घेऊन वरचा गिलावाच काढावा लागला. पाळणा निघाला, घुंगुरकाठी निघाली, फणीचे दात एकेक निघाले. तीन दिवस तिने तोंडातून एक शब्द काढला नाही. एरवी हात या भिंतीवर आला की नाव आपोआप ओठावर यायचं. पण नाव घेत खरवडायचं कसं? मेलेल्याला हाक मारून पुन्हा मारायचं? तिने दात आवळून धरले आणि नाव म्हणून एकही येऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी भिंत कोरी झाली आणि ती घरी जाऊन भाकरी न खाता पडून राहिली.

दिवाळीत प्रज्ञा आली. दोघी अंगणात बसल्या, ऊन कोवळं होतं, नवी वही. पहिल्या पानावर पोरीने एक ते त्रेचाळीस आकडे घालून ठेवले होते.

"हं, आज्जी. सांग."

"रखमी," विमलबाई म्हणाली. "सटवा. नामा येसकर. चांगुणा. भागूची सासू. येसा. त्येचा भाऊ धोंडा. मग... मग ती सुपलीवाली. सुपली कुनाची?"

ती थांबली. प्रज्ञाही पेन धरून थांबली. विमलबाईने डोळे मिटले. हात उचलून हवेत बोट फिरवलं, जसं काही समोर भिंत आहे. सुपलीच्या वर काय होतं? कोयता? की कोयता उजवीकडे? बोट हवेत एका जागी अडखळलं.

"सावकाश, आज्जी. घाई नाही."

"आगं, येत्यात. भिंत समोर असली की येत्यात. हातातून येत्यात ती, डोक्यातून न्हाई."

प्रज्ञाला आठवलं. तिने मोबाईल काढला, तो फोटो शोधला, उघडला आणि आजीच्या पुढे धरला. तांबड्या खुणा, सगळ्या जागच्या जागी. विमलबाईचा चेहरा उजळला. "हां! ही बघ, ही सुपली..." म्हणत तिने सवयीने सुपलीच्या रेघेवर बोट टेकवलं आणि फिरवलं.

फोटो सर्रकन सरकला. समोर आली हॉस्टेलमधली कुणीतरी मुलगी, वाढदिवसाची, तोंडभर केक फासलेला.

प्रज्ञाने घाईने मागे आणला. विमलबाईने पुन्हा बोट ठेवलं, आता हळूच. फोटो पुन्हा सरकला. तिसऱ्यांदा तिने बोट लावलंच नाही. नुसती बघत राहिली. कर्जतला जाऊन प्रज्ञाने त्याची मोठी प्रिंटही काढून आणली. गुळगुळीत कागद. त्यावर बोट घसरत गेलं, कुठे अडकलं नाही, आणि ओठावर काही आलं नाही. चार दिवस रोज बसल्या. शेवटच्या दिवशी मुश्किलीने 'गंगीचं' आठवलं. एकूण नावं आठ झाली. बाकीच्या पस्तीस आकड्यांपुढे पान कोरं राहिलं.

"माजीच चूक," विमलबाई म्हणाली. "मीच खाल्ली ती मानसं. म्याडमनं न्हाई, सायबानं न्हाई. मीच."

प्रज्ञाने तिला पोटाशी धरलं.

आता तिथे बोर्ड लागलाय. मोठा, पिवळ्या अक्षरांचा. रविवारी गर्दी दुप्पट झालीय. पागेच्या भिंतीवरही पाटी आहे: वारसा वास्तू, भिंतीला हात लावू नये. विमलबाई तिथे झाडते. पहाटे कुणी नसताना ती त्या भिंतीशी जाते, पाटीला न जुमानता खरवडलेल्या दगडावर बोट ठेवते, आठ नावं घेते आणि नवव्यापाशी थांबते. मग झाडू उचलते. मजनूंना ओरडायचंही तिने सोडून दिलंय.

परवा नगरहून एक कुटुंब आलं होतं. बाईने मोटारीतून उतरल्या उतरल्या विचारलं, "मावशी, ती कुत्र्याची कबर कुठंय हो?"

विमलबाईने झाडूने दिशा दाखवली.

"नाव काय होतं बाई त्याचं? मघाशी वाचलं होतं मोबाईलवर."

"टॉबी," विमलबाई म्हणाली.

हे नाव तिला दिवसातून दहा वेळा सांगावं लागतं. ते काही ती विसरत नाही.